हुकूम पीयूषिकेचा, अंमल गाभोळीचा

आषाढाचे पहिले लोंढे येऊन गेले आणि भंडारा-गोंदियाकडील एखाद्या जुन्या मालगुजारी तलावाचे पाणी गढूळ होऊन काठच्या गवतात शिरले, की त्या सुमारास धीवरांच्या जाळ्यात सापडलेली तीन-चार वर्षांची रोहूची मादी हातात घेऊन पाहावी. तिचे पोट दोन्ही अंगांनी तट्ट फुगलेले असते, बोटांनी दाबले असता मऊ लागते, गुदद्वाराची कड लालसर होऊन किंचित वर आलेली दिसते. आणि तिच्या देहाच्या प्रत्येक किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी तिच्या उदरात भरलेली असतात. इतकी सर्वांगाने भरलेली ही मादी तलावाच्या स्थिर पाण्यात मात्र अंडी घालीत नाही. वाहत्या नदीला पूर यावा, काठची सपाट जमीन पाण्याखाली जावी, त्या उथळ पाण्यात नरांनी तिचा पाठलाग करावा, तेव्हा कोठे ती अंडी सोडते; आणि साठवलेल्या पाण्यात हा योग सहसा जुळून येत नसल्यामुळे पावसाळा सरता सरता ती लाखो अंडी तिच्या शरीरातच विरून जातात. कोकणात मृगाच्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांत चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी कंदिलाच्या उजेडात धरले आहेत, त्यांना नवे पाणी आणि गाभोळीने भरलेली मासळी यांचा हा संबंध निराळा सांगावयास नको.

हळद-मीठ-तिखट लावून आपण तव्यावर टाकतो ती गाभोळी बहुधा अशाच थबकलेल्या अंड्यांची असते. तिच्यातील प्रत्येक कण ही एकच पेशी. बलकाने ठासून भरलेली, आकाराने आपल्या कमाल मर्यादेला पोचलेली, आणि तरीही फलनास सर्वथा अपात्र. कारण नराचे बीज स्वीकारण्यापूर्वी अंडपेशीला आपली गुणसूत्रे निम्मी करणारे जे विभाजन पार पाडावे लागते, त्याच्या अगदी पहिल्या पायरीवर ती कित्येक महिने तहकूब होऊन बसलेली असते. तिचे मोठे केंद्रक मध्यभागी शाबूत असते. ते तेथून हलून, ज्या सूक्ष्म छिद्रातून शुक्रजंतू आत येणार त्या टोकाशी सरकले आणि त्याचा पडदा विरघळला, म्हणजे अंडे पिकले असे शास्त्र मानते. भरलेले अंडे एकदा पिकू लागले, म्हणजे हे काम काही तासांचे आहे. परंतु त्या काही तासांत मासळीच्या देहात जो कारभार चालतो त्याचा उलगडा करण्यात अनेक देशांतील शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या, आणि तो अद्याप पुरता संपलेला नाही.

या कारभाराचे वरचे टोक प्रथम हाती लागले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला असता माशाची जननेंद्रिये जागी होतात, हे अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हूसे यांनी १९३० साली दाखविले. ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी त्याच दशकात ही युक्ती मत्स्यसंवर्धनाच्या कामी लावली. आणि १९३८ च्या सुमारास अखंड हिंदुस्थानात लाहोरकडे हमीद खान यांनी मृगळ माशावर तिचा प्रयोग करून पाहिला. परंतु भारतीय कार्प मासे सुईबरहुकूम अंडी घालू लागले ते १९५७ च्या १० जुलैला, ओडिशातील अंगुल येथे, हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांच्या हातून. एका माशाची पीयूषिका काढून तिचा अर्क दुसऱ्याला टोचावयाचा, एवढीच ती कृती. पण तिच्यामुळे गंगेच्या पात्रातून ओंजळी-ओंजळीने गोळा केल्या जाणाऱ्या, आणि भलत्यासलत्या जातींची भेसळ असलेल्या मत्स्यजिऱ्यांवर देशभराच्या तलावांनी अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, हे योग्यच झाले. मात्र त्या दिवसाच्या भाषणांतून सुई आणि अर्क यांचाच जयजयकार अधिक होतो, आणि सुई टोचल्यानंतर माशाच्या आत काय घडले याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही.

मत्स्यबीज केंद्रावरील सुई टोचण्याची संध्याकाळ पाहण्यासारखी असते. दिवस कलता कलता पाठीवर ओले फडके टाकून मादीला आडवी धरतात, शेपटीच्या बुंध्याजवळ, खवले किंचित उचलून, सुई तिरपी स्नायूत घालतात, आणि काढताना तेथे अंगठ्याने चोळतात, नाहीतर औषध बाहेर येते. पूर्वी मद्यार्कात बुडवून राखलेल्या पीयूषिका खलून, पाण्यात मिसळून, दोन हप्त्यांत टोचीत. पहिली मात्रा किलोला दोन-तीन मिलिग्रॅम, आणि सहा तासांनी दुसरी, पाच ते आठ मिलिग्रॅम. नराला दुसऱ्या हप्त्याच्या वेळी एकदाच. पुढे कॅनडातील रिचर्ड पीटर आणि चीनमधील लिन हाओरान यांच्या संशोधनातून बाटलीबंद औषध आले. त्याची खुबी अशी की, ते बाहेरून पीयूषिकेचा स्राव आणून घालीत नाही. माशाच्या स्वतःच्या पीयूषिकेला मेंदूकडून मिळणाऱ्या इशाऱ्याची नक्कल त्यात असते, आणि सोबत त्या ग्रंथीवरील डोपामिन या मेंदूतील रसायनाचा अंकुश दूर करणारे डॉम्पेरिडोन असते. ओव्हाप्रिम या नावाने ते आपल्याकडे रूढ झाले आणि दुसऱ्या सुईची यातायात संपली. मग नर-मादी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडी पिंजऱ्यात) अथवा गोलाकार प्रजनन कुंडात सोडतात, पाण्याला फिरता प्रवाह देतात, आणि पहाटेच्या सुमारास पाणी खळबळू लागते. दीड मिलिमीटरच्या आतबाहेरचे अंडे पाण्यात पडताच फुगून चार-पाच मिलिमीटरचे होते, आणि पंधरा-अठरा तासांत त्यातून जिरे बाहेर पडतात.

सर्वच माद्या मात्र उत्तर देत नाहीत. एकाच तलावातील, एकाच वजनाच्या, सारख्याच फुगलेल्या पोटाच्या दोन माद्यांपैकी एक तासांच्या हिशेबाने अंडी सोडते, दुसरी सकाळी तशीच जड पोटाने कुंडात फिरत राहते. सुई तीच, औषध तेच, मात्रा तीच. हुजुरातून निघालेला हुकूम दोघींच्या गाभोळीपर्यंत सारखाच पोचला, पण एका ठिकाणी त्याची तामिली झाली व दुसऱ्या ठिकाणी झाली नाही. येथेच या विषयाचे खरे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते: अंडे पिकविण्याचा हुकूम मेंदूकडून सुटत असला, तरी तो बजावावयाचा की नाही हे अंडाशयातील स्थानिक चावडी ठरवते, आणि त्या चावडीची भाषा म्हणजे ज्यांना वृद्धिघटक म्हणतात ती अत्यल्प प्रमाणात स्रवणारी, पेशीपासून शेजारच्या पेशीपर्यंत जेमतेम पोचणारी प्रथिने होत.

ही चावडी कोठे भरते ते आधी पाहिले पाहिजे. गाभोळीतील प्रत्येक अंडपेशीभोवती पेशींचे दुहेरी वेष्टन असते. आतला थर अंड्याला अगदी खेटून, बाहेरचा त्यावर, आणि दोहोंच्या मधून रक्तवाहिन्यांची ये-जा. जपानमध्ये योशिताका नागाहामा आणि शिंजी अदाची यांनी अमागो जातीच्या साल्मनवर काम करून १९८० च्या दशकात दाखविले, की पीयूषिकेचे संप्रेरक अंड्याशी प्रत्यक्ष बोलतच नाही. ते या वेष्टनाशी बोलते. बाहेरचा थर एक कच्चा स्टेरॉइड तयार करून आत पाठवितो, आतला थर त्याचे रूपांतर पक्क्या स्टेरॉइडात करतो, आणि हा दुसरा, ज्याला संशोधक थोडक्यात डीएचपी म्हणतात, अंड्याला पिकण्याचा प्रत्यक्ष परवाना देतो. याच दोन थरांनी आदल्या महिन्यांत सामाईक कारभार करून इस्ट्रोजेन बनविलेले असते, त्या इस्ट्रोजेनच्या आज्ञेने यकृताने बलकाचे प्रथिन तयार केलेले असते, आणि रक्तावाटे येऊन ते अंड्यात साठलेले असते. म्हणजे त्याच पेशी, तेच शेजार; पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या एक कारखाना बंद करून दुसरा उघडतात. पिकण्याचा परवाना देणारा असा स्टेरॉइड ओळखणारे ग्राहक-प्रथिन अंड्याच्या पृष्ठभागावरच असते, केंद्रकात नसते, हे २००३ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावरील प्रयोगशाळेत योंग झू आणि पीटर थॉमस यांनी सिद्ध केले. त्यांचा मासा आपल्या घोळीच्याच कुळातला होता.

इतके कळल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता, पण तो येथूनच सुरू झाला. पूर्ण वाढलेले अंडे काचपात्रात घेऊन त्यावर डीएचपी घातले, तरी कधी ते पिकते व कधी ढिम्म राहते. परवान्याचा कागद मिळण्याआधी तो वाचण्याची पात्रता अंड्याने मिळविलेली असावी लागते, आणि पीयूषिकेचे संप्रेरक डीएचपी बनवून घेण्याच्या आधी ही पात्रता जागविण्याचे निराळे काम करून घेते, असा निष्कर्ष निघाला. ती पात्रता जागविणारे मध्यस्थ शोधता शोधता संशोधक वृद्धिघटकांपाशी येऊन ठेपले.

वृद्धिघटकांचा इतिहास माशांपासून फार दूर सुरू होतो. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लालाग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले. त्या अर्कातील प्रथिनाला बाह्यत्वचा-वृद्धिघटक म्हणजे ईजीएफ हे नाव मिळाले, आणि १९८६ चे नोबेल पारितोषिक कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह मिळाले. ज्या रेणूने उंदराची पापणी उघडली, तोच माशाच्या गाभोळीतही आपले दप्तर मांडून बसलेला असेल, अशी कल्पना त्या काळी कोणी केली नसावी. निसर्ग मात्र एकदा हाताशी आलेली चीज शंभर ठिकाणी राबवून घेण्यात मोठा काटकसरी आहे.

माशांपुरते पाहता सर्वांत आधी ठसठशीत पुरावा मिळाला तो इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाचा. जपानमधील रेड सीब्रीम या सागरी माशाच्या अंड्यावर हा घटक एकटाच घातला असता, डीएचपीची वाट न पाहता केंद्रकाचा पडदा विरघळू लागतो, असे १९९० च्या दशकात आढळले. आपल्या देशात, बंगालातील कल्याणी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी सायप्रिनस माशाच्या अंड्यांवर इन्सुलिन आणि त्याचा हा भाऊबंद दोन्ही वापरून पाहिले, आणि ते पेशीच्या आत कोणत्या प्रथिनांची साखळी हलवून अंडे पिकवितात याचा माग काढला. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत झेब्रामाशावर झालेल्या कामाने त्या साखळीचे एक टोक आणखी पुढे नेले. ते टोक असे. अंडपेशी महिनोन्महिने थांबून राहते, कारण तिच्या आत चक्रीय एएमपी नावाच्या लहानशा रेणूचे प्रमाण सतत वर ठेवलेले असते. तो रेणू ज्या प्रथिनाला कामास लावतो, ते विभाजनाचे सर्व मार्ग अडवून धरते. इन्सुलिनच्या वंशातील घटक अंड्यातील एक विकर जागे करतात, ते विकर चक्रीय एएमपीचा फडशा पाडते, आणि अडसर सरकतो. डीएचपीसुद्धा शेवटी हाच अडसर काढते. दोघांचे रस्ते वेगळे, नाका एकच.

त्यानंतरचे काम जवळजवळ सर्व माशांत सारखे आहे, म्हणून ते थोडक्यात सांगून पुढे जातो. १९७१ साली योशियो मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या अंड्यात एक परिपक्वता-प्रवर्तक घटक शोधून काढला. तो दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो, आणि बेडकात ती जोडी आधीच जुळवून, कुलूप घालून ठेवलेली असते. सोनमाशाच्या अंड्यात मासाकाने यामाशिता यांना त्या जोडीपैकी एकच प्रथिन आढळले. दुसरे, सायक्लिन-बी, परवाना आल्यावरच नव्याने तयार होते. मासा ऐनवेळी निम्मी सामग्री बनवितो, ही त्याची बेफिकिरी की खबरदारी, याचा निवाडा मी करू धजत नाही.

चावडीतील खरी बोलाचाली ऐकू आली ती झेब्रामाशामुळे. हा बोटभर, निळ्या पट्ट्यांचा मासा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या नोकरीत राहिलेल्या डॉक्टराने १८२२ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेचा मानकरी केले. त्याचे पूर्ण वाढलेले अंडे पाऊण मिलिमीटरहून लहान आणि अपारदर्शक असते. पोषक द्रवात ठेवून त्यावर योग्य घटक घातला, की काही तासांत त्याचा बलक निवळतो आणि अंडे आरपार दिसू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवून निवळलेली किती व गढूळ राहिलेली किती एवढे मोजले, म्हणजे उत्तर मिळाले. हाँगकाँगमध्ये वेई गे आणि टोरांटोत चुन पेंग यांच्या चमूंनी या साध्या मोजणीवर फार मोठी इमारत उभी केली.

त्या इमारतीचा कणा म्हणजे ॲक्टिव्हिन हा वृद्धिघटक. तो वेष्टनाच्या पेशी बनवितात, आणि त्याला ऐकणारे कान अंड्याच्या अंगावर असतात. एकटा ॲक्टिव्हिन घातला तरी अंडी निवळू लागतात, आणि तो आधी घालून मग डीएचपी दिले तर उत्तर अधिक जोरदार येते. म्हणजे पात्रता जागविणारा हाच तो मध्यस्थ. याहून निर्णायक गोष्ट पुढची आहे. ॲक्टिव्हिनला मिठीत घेऊन निकामी करणारे फॉलिस्टॅटिन नावाचे दुसरे प्रथिन त्या द्रवात मिसळले, तर ॲक्टिव्हिनचा परिणाम तर थांबतोच, पण पीयूषिकेच्या संप्रेरकासारखे काम करणारे औषध घालूनही अंडी पिकेनाशी होतात. हुजुरातला हुकूम खरा असला, शिक्का-मोर्तब खरे असले, तरी चावडीवरचा कारभारी अडवून धरला तर गावात काहीच हलत नाही, याचा यापेक्षा उघड दाखला कोणता द्यावा?

आणि हा कारभार एकतर्फी नाही. ईजीएफ मुख्यत्वे अंड्यात तयार होतो, तो ऐकणारे कान वेष्टनाच्या पेशींवर असतात, आणि तो ऐकल्यावर त्या पेशी ॲक्टिव्हिनचे उत्पादन वाढवितात. म्हणजे अंडे स्वतःच शेजाऱ्यांना निरोप धाडून आपल्याला लागणारा निरोप परत मागवून घेते. वरवर पाहता निमूट, आज्ञाधारक भासणारी ही बलकाची गोळी आपल्या पिकण्याच्या कारभारात स्वतः मुखत्यार आहे, हे कळल्यावर अंडाशयाविषयीची पुष्कळशी जुनी मांडणी बदलावी लागली.

जिथे धाडण्याची व्यवस्था आहे, तिथे थांबविण्याचीही आहे. बीएमपी-१५ हा ॲक्टिव्हिनच्याच घराण्यातला घटक. त्याला निष्प्रभ केले असता लहान अंडी वेळेआधी पिकू पाहतात, आणि तो वाढविला असता पिकण्याचे प्रमाण घटते. अकाली पिकणाऱ्या अंड्यांना आवर घालणे हे त्याचे काम. याच घटकाचे जनुक मोडलेल्या झेब्रामाशांविषयी २०१६ साली जे प्रसिद्ध झाले ते वाचून मी थक्क झालो: त्या माद्यांच्या गाभोळीत अंडी एका मर्यादेपुढे वाढत नाहीत, अंडाशय ओस पडतो, आणि त्या माद्या पुढे नर होतात. अंड्याचा एक निरोप बंद पडला, तर देहाचे मादीपणच टिकत नाही.

इस्ट्रोजेनची कथा अशीच दुतोंडी आहे. ज्याने यकृताला राबवून अंडे बलकाने भरले, तेच इस्ट्रोजेन अंड्याच्या पृष्ठभागावरील एका वेगळ्या ग्राहकाला चिकटून चक्रीय एएमपी वर ठेवते आणि अंड्याला पिकू देत नाही. या अडवणुकीत ईजीएफचा ग्राहकसुद्धा, अंड्याच्या अंगावरचा, सामील असल्याचे थॉमस यांच्याच प्रयोगशाळेने दाखविले. म्हणजे वेष्टनात जो पिकविण्यास मदत करतो, त्याचाच ग्राहक अंड्यावर थांबविण्याच्या बाजूने उभा. एकच रेणू कोठल्या पेशीत, कोणत्या घटकेला आणि कोणाच्या शेजारी आहे, यावर त्याचे सारे चारित्र्य अवलंबून आहे; आणि म्हणूनच वृद्धिघटक बाटलीत भरून पीयूषिकेच्या अर्काप्रमाणे माशाला टोचण्याचे स्वप्न कोणी पाहू नये, असे मला वाटते. रक्तात सोडलेला ईजीएफ दोन्ही पक्षांना एकदम भेटेल, आणि कोणाची सरशी होईल ते सांगता यावयाचे नाही.

मग मत्स्यबीज केंद्रावरील त्या जड पोटाच्या मादीचे काय? तिच्याविषयी आता निदान नीट प्रश्न विचारता येतात. बारीक नळीने तिची काही अंडी काढून ती मद्यार्क, फॉर्मालिन आणि ॲसेटिक आम्ल यांच्या सहा-तीन-एक प्रमाणाच्या मिश्रणात टाकली, की अंडी निवळून आतले केंद्रक दिसते. ते मध्यभागीच असेल तर अंडी भरली आहेत, पण चावडी अद्याप राजी नाही. अशा मादीला दुप्पट औषध टोचणे म्हणजे बहिऱ्यापुढे दवंडी दुप्पट मोठ्याने पिटणे. केंद्रक टोकाकडे सरकले असेल तर सुईची वेळ झाली. आणि अंड्यांच्या कडा झिजून बलक फुटू लागला असेल तर हंगाम हातचा गेला. वेष्टनाच्या पेशींनी अंडे खाऊन टाकावयास आरंभ केला आहे.

यांपैकी पहिल्या प्रकारच्या माद्यांना राजी करण्याचा काळ आषाढ हा नव्हे. इन्सुलिन आणि त्याचा सदृश घटक यांचे रक्तातील प्रमाण माशाला मिळणाऱ्या खुराकावर ठरते; उपाशी माशाचे यकृत हा घटक हात आखडून स्रवते. सबब फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, तलाव आटत आलेले आणि पाणी तापलेले असताना, प्रजनक माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा वेळेवर मिळतो की नाही, तळ्यात त्यांची दाटी किती, याचा हिशेब पावसाळ्यातल्या सुईइतकाच गाभोळीच्या कारभारात दाखल होत असतो. अनेक ठिकाणी नेमकी याच महिन्यांत पेंडीची खरेदी मंजुरीअभावी रखडते, मासे कोंड्यावर व शेवाळावर दिवस काढतात, आणि औषधाच्या बाटल्या मात्र मृगाच्या आधी मुबलक येऊन पडलेल्या असतात. मग एखाद्या रात्री निम्म्या माद्यांनी अंडी सोडली नाहीत, की पाणी खराब होते, औषध शिळे होते, नाहीतर मात्रा कमी पडली, अशी कारणे वहीत टिपली जातात, आणि पुढच्या खेपेस मात्रा वाढविली जाते.